विषाणूचा खोडवा

देवळाली प्रवराच्या शिवारात उसाला तोड लागली की आठवड्याभरात हिरवीगार उभी राने उघडी पडतात. नवख्या माणसाला वाटावे, पीक संपले. शेतकरी मात्र तसे समजत नाही. जमिनीत राहिलेल्या बुडख्यांवर डोळे असतात. पाणी मिळाले की ते फुटतात आणि खोडवा उभा राहतो. ऊस उभा असतो तोवर हेच डोळे निमूट निजलेले असतात, कारण शेंड्याकडून खाली येणारे द्रव्य त्यांना दाबून धरते. म्हणजे डोळ्याने फुटायचे की निजायचे, हे एकटा डोळा ठरवीत नाही. ते सारे झाड ठरविते. राहुरी तालुक्यातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असलेली ही गोष्ट एचआयव्ही या विषाणूच्या बाबतीत जगातल्या प्रयोगशाळांच्या ध्यानी यायला, विषाणू सापडल्यानंतर, दशकाहून अधिक काळ जावा लागला. आणि तिचा पुरता उलगडा अजून व्हायचाच आहे.

या देशात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली मद्रासमध्ये झाली. त्यानंतरची दहा वर्षे या रोगाचे निदान म्हणजे मृत्यूची तारीख पुढेमागे करण्यापुरता प्रश्न होता. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली आणि मरणाच्या दारातून माणसे परतू लागली. परंतु त्या औषधांची वर्षाची किंमत माणशी दहा ते पंधरा हजार डॉलर होती. मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ साली हीच औषधे वर्षाला साडेतीनशे डॉलरमध्ये देऊ केली, तेव्हा श्रीमंत देशांतील औषध कंपन्यांचा जो हिशेब उघडा पडला तो अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात मक्तेदारीच्या प्रकरणात छापण्यासारखा आहे. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने औषधे मोफत देण्यास आरंभ केला आणि २०१७ पासून निदान होताच उपचार हे धोरण आले. आज देशात सुमारे पंचवीस लाख माणसे या विषाणूसह जगत आहेत. राज्यांमध्ये सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात असून ती साडेतीन लाखांहून अधिक आहे. नियमित गोळी घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा होतो, तो काम करतो, संसार करतो, आणि शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण देत नाही. नगरच्या 'स्नेहालय'सारख्या संस्थांनी सांभाळलेली लागणग्रस्त मुले मोठी होऊन आपल्या पायावर उभी राहिली, ती याच गोळ्यांच्या आधाराने.

मग राहिले काय? राहिला तो खोडवा. गोळी थांबली की बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा दिसू लागतो. वीस वर्षे न चुकता औषध घेतलेल्या माणसाच्या बाबतीतही हेच घडते. एवढा काळ तो होता कुठे?

हा विषाणू मुख्यतः रक्तातील सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशींत शिरतो, आपल्या जनुकीय मजकुराची डीएनएमध्ये नक्कल करतो आणि ती नक्कल पेशीच्या स्वतःच्या डीएनएमध्ये शिवून टाकतो. बहुतेक बाधित पेशी नवे विषाणू घडविता घडविता मरतात. परंतु काही थोड्या पेशी याच सुमारास विश्रांत अवस्थेत जातात. पूर्वीच्या रोगांची आठवण जपून ठेवणे हे त्यांचे नेमलेले काम. त्या वर्षानुवर्षे स्वस्थ राहतात आणि त्यांच्या पोटात शिवलेला विषाणूही स्वस्थ राहतो. तो काहीच करीत नाही, म्हणून औषधाला सापडत नाही आणि शरीराच्या पहारेकऱ्यांना दिसत नाही. १९९५ ते १९९७ या काळात अमेरिकेतील संशोधकांनी अशा पेशी प्रत्यक्ष वेगळ्या काढून दाखविल्या. विश्रांत सीडी४ पेशींपैकी सुमारे दहा लाखांत एक, इतके त्यांचे प्रमाण निघाले. संख्या क्षुल्लक, परंतु हा साठा निम्म्यावर यायला सरासरी चव्वेचाळीस महिने लागतात, आणि त्या गतीने तो संपायला सत्तर वर्षांहून अधिक काळ लागेल असे गणित मांडले गेले. पुढे तर असे आढळले, की या पेशी अधूनमधून दुणावतात आणि आपल्याबरोबर निजलेल्या विषाणूचीही प्रत काढतात. मुद्दल फेडता फेडता व्याज वाढावे तसा हा प्रकार आहे.

आता खरा प्रश्न. विषाणूला निजवितो कोण? विषाणूपाशी स्वतःची जनुके अवघी नऊ. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर त्याला आपला कारखाना चालविता येत नाही. यंत्रे, मजूर, वीज सारे पेशीचे वापरावे लागते. त्याच्या जनुकसंचाच्या आरंभी एक नियामक पट्टा असतो. त्यावर पेशीची कोणती प्रथिने येऊन बसतात, यावर विषाणूचे जागणे वा निजणे अवलंबून असते. पेशी उत्तेजित झाली की एनएफ-कप्पा-बी नावाचे प्रथिन केंद्रकात येते, या पट्ट्यावर बसते आणि लेखनाला प्रारंभ करून देते. विश्रांत पेशीत हेच प्रथिन केंद्रकाबाहेर दुसऱ्या एका प्रथिनाने बांधून ठेवलेले असते. लेखन सुरू झाले तरी ते थोड्याच अंतरावर अडखळते. अडथळा दूर करणारे पी-टेफ-बी नावाचे प्रथिनयुग्म विश्रांत पेशीत आधीच दुर्मीळ, आणि जे असते त्यातलेही पुष्कळसे हेक्सिम-१ या प्रथिनाच्या कोठडीत असते. शिवाय पेशीचा डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. एचडॅक नावाची विकरे ही गुंडाळी घट्ट करतात, आणि घट्ट गुंडाळलेले पान वाचता येत नाही.

विषाणूपाशी या साऱ्यावर एक उतारा आहे. टॅट हे त्याचे स्वतःचे छोटे प्रथिन. ते पी-टेफ-बीला कोठडीतून सोडवून आणते आणि लेखनाच्या जागी उभे करते. थोडेसे टॅट निर्माण झाले की लेखन वाढते, लेखन वाढले की टॅट वाढते. एकदा चक्र फिरले की फिरतच राहते. पण पहिला थेंबभर टॅट निर्माण होण्यापुरतेही पेशीने लेखन होऊ दिले नाही, तर विषाणू निजतो. बीआरडी४ नावाचे पेशीचे आणखी एक प्रथिन पी-टेफ-बीसाठी टॅटशी चढाओढ करते, हेही आता कळले आहे. म्हणजे सुप्तावस्था ही विषाणूची धूर्त युक्ती आहे, असे जे सर्रास सांगितले जाते ते अर्धेच खरे होय. पुष्कळदा ती केवळ पेशीच्या घरातल्या टंचाईची परिणती असते.

या शोधात पुण्याचा वाटा आहे आणि तो मराठी वाचकांना जवळजवळ अज्ञात आहे, ही खेदाची गोष्ट. भोसरीला १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. अलीकडे तिचे नाव आणि कार्यक्षेत्र दोन्ही विस्तारले आहे. गणेशखिंडीतील विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. तेथे देबाशिष मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशीतील उष्णताघात प्रथिनांचा, म्हणजे ताप वा ताण आला असता पेशी ज्यांचे उत्पादन वाढविते त्या प्रथिनांचा, या विषाणूशी असलेला संबंध दीर्घकाळ अभ्यासला. या वर्गातील एचएसपी४० हे प्रथिन विषाणूच्या वाढीला हातभार लावते, तर त्याचेच भावंड असलेले एचएसपी७० तिला आवर घालते, असे त्यांना आढळले. या प्रथिनांवर हुकूम चालविणारा एचएसएफ-१ हा घटक विषाणूच्या नियामक पट्ट्यावर जाऊन बसतो आणि लेखन वाढवितो, हे त्यांनी २०११ साली प्रसिद्ध केले. २०१६ साली याच गटाने आणखी एका प्रथिनाचे, एचएसपीबीपी-१ याचे, काम दाखविले. ते एनएफ-कप्पा-बीच्या मार्गात आडवे येते आणि विषाणूला दाबते. एकाच घरातली माणसे, कोणी चोराला कडी काढून देणारी तर कोणी दाराला पाठ लावून बसणारी, असे हे चित्र आहे.

बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातील उदयकुमार रंगा यांच्या गटाचे काम तर याहून थेट आपल्या प्रश्नाला भिडते. एचआयव्हीच्या अनेक उपजाती आहेत. अमेरिका व पश्चिम युरोपात 'बी' उपजातीचे प्राबल्य आहे. भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत 'सी' उपजातीचे. 'बी'च्या नियामक पट्ट्यावर एनएफ-कप्पा-बीसाठी सामान्यतः दोन बैठका असतात, 'सी'च्या पट्ट्यावर तीन. आणि भारतात चार बैठका असलेले प्रकारही पसरत असल्याचे या गटाने २०१२ साली दाखवून दिले. बैठका वाढल्या की लेखनाचा जोरही वाढतो. निजविणारे आणि जागविणारे प्रथिन जर एवढे निर्णायक असेल, तर त्याच्या बसण्याच्या जागांतला हा फरक किरकोळ मानून कसे चालेल? तरीही विषाणू जागविण्याच्या औषधांचे आजवरचे बहुतेक प्रयोग 'बी' उपजातीवर झाले. जगातील सर्वाधिक रुग्ण 'सी'चे, आणि प्रयोगशाळेच्या टेबलावर 'बी'. याचे कारण विज्ञानात नाही. पैसा कुठून येतो, यात आहे.

रोग मुळासह उपटण्याचे जे मार्ग सुचविले गेले, त्यांतील दोन या प्रथिनांवरच आधारलेले आहेत. पहिला मार्ग शेतकऱ्याच्या परिचयाचा आहे. पेरणीपूर्वी रानाला पाणी द्यावे, तण उगवू द्यावे आणि मग कुळवाची पाळी मारावी. तसेच निजलेल्या विषाणूला औषधाने जागे करावे. तो उघड्यावर आला की ती पेशी मरेल किंवा मारली जाईल, आणि चालू गोळ्यांमुळे नवी लागण होणार नाही. एचडॅक विकरांना रोखणारे व्होरिनोस्टॅट हे कर्करोगावरील औषध २०१२ साली अमेरिकेत आठ रुग्णांना देण्यात आले आणि विषाणूचे लेखन खरोखरच वाढल्याचे दिसले. मोठा गाजावाजा झाला. परंतु विषाणू जागा होणे निराळे आणि त्याची पेशी मरणे निराळे. ब्रिटनमध्ये साठ रुग्णांवर हेच औषध लशीच्या जोडीने वापरून पाहिले; २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा साठ्यात काहीही घट आढळली नाही. तण उगवले, पाळी लागलीच नाही. २०२५ साली मेलबर्नच्या डोहर्टी संस्थेने टॅटचाच संदेश सूक्ष्म स्निग्ध कणांतून विश्रांत पेशींत पोहोचविण्यात यश मिळविले. हे यश रुग्णांनी दिलेल्या पेशींवर, काचेच्या बशीत मिळालेले आहे. माणसाच्या शरीरात नव्हे. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत हा भेद बहुधा हरवतो.

दुसरा मार्ग खोडव्यात पाचट आच्छादून तण दाबण्यासारखा आहे. विषाणूला जागे करू नये. उलट त्याची झोप इतकी गाढ करावी की औषध थांबल्यावरही तो उठू नये. फ्लोरिडात सुझाना व्हॅलेंटे यांच्या गटाने टॅटला निकामी करणारे एक द्रव्य या दृष्टीने तपासले असून उंदरांवर काही प्रमाणात अनुकूल परिणाम मिळाले. निसर्गातही याला आधार सापडतो. काही अत्यल्प माणसे औषधाविना विषाणूला आवरून धरतात. त्यांच्या पेशी २०२० साली तपासल्या असता, त्यांच्यातील शाबूत विषाणू डीएनएच्या ओसाड, कधीच न वाचल्या जाणाऱ्या भागांत अधिक आढळले. या दुसऱ्या मार्गाची वृत्तपत्री चर्चा कमी होते, कारण त्यात विजयाचा क्षण नाही. शत्रू मेला, असे त्यात कधीच म्हणता येत नाही. उपयुक्ततेच्या दृष्टीने पाहिले तर मात्र तो अधिक विवेकी वाटतो.

ज्यांना रोगमुक्त मानले गेले आहे अशी माणसे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. टिमोथी रे ब्राऊन हा त्यांपैकी पहिला. त्याला रक्ताचा कर्करोग होता. २००७ साली बर्लिनमध्ये त्याच्यावर अस्थिमज्जेतील मूळ पेशींचे रोपण झाले. दाता असा निवडला होता, की विषाणूला पेशीत शिरण्यासाठी लागणारे सीसीआर५ हे प्रथिन त्याच्या पेशींवर नव्हतेच. विषाणू पुन्हा आला नाही. २०२० साली ब्राऊन मरण पावला तो उलटलेल्या कर्करोगाने. त्यानंतर लंडन, ड्युसेलडॉर्फ, कॅलिफोर्निया येथील रुग्ण झाले. मात्र रोपणाच्या उपचारात प्राणाला मोठा धोका असतो, आणि कर्करोग नसलेल्या माणसावर तो कोणी करणार नाही. उलट दिशेचे उदाहरणही विसरू नये. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात २०१० साली लागणीसह जन्मलेल्या एका बाळाला तिसाव्या तासापासून औषध मिळाले, पुढे ते सुटले, आणि तरीही सत्तावीस महिने विषाणू दिसला नाही. २०१३ साली जगाने आनंद केला. २०१४ साली विषाणू परतला.

आता खर्चाचा विचार. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्यासाठी, २०२१ ते २०२६ या पाच वर्षांकरिता, सुमारे १५,४७२ कोटी रुपयांची तरतूद झाली. म्हणजे वर्षाला सरासरी तीन हजार कोटींहून अधिक. हा खर्च योग्यच आहे, त्यातला रुपयाही कमी होता कामा नये. पण उपचार सुरू झालेला प्रत्येक माणूस पुढे तीस-चाळीस वर्षे औषधावर राहणार, आणि राहावा हीच इच्छा. हे दायित्व वाढते आहे. ग्रामीण आरोग्यकेंद्रात साधी औषधे वेळेवर नसताना प्रथिनांच्या संशोधनावर पैसा कशाला, असा आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तथापि औषधाचा पैसा तोडून संशोधनाला द्या, असे कोणी म्हणत नाही. म्हणणे एवढेच, की 'सी' उपजातीवरचे काम श्रीमंत देश आपल्यासाठी करून देतील या भरवशावर राहता येणार नाही. सिप्लाच्या औषधांनी जे साधले ते दुसऱ्यांनी शोधलेले स्वस्त करण्याचे काम होते. येथे शोधच वेगळा लागण्याचा संभव आहे. देवळाली प्रवराच्या शेजारी लोणीला धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांचे भागभांडवल जमवून कारखाना उभारला, तेव्हा साखरेचे पहिले पोते अद्याप कोणी पाहिले नव्हते. दीर्घ मुदतीची गुंतवणूक काय असते, हे या मुलखाला समजावून सांगण्याची गरज नसावी.

दरम्यान एक धोका रोज घडतो आहे. 'एचआयव्ही बरा झाला' अशी बातमी आली की कोणीतरी गोळी सोडतो. एड्स बरा करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये, अशी मनाई औषध नियमावलीच्या 'जे' अनुसूचीत स्पष्ट आहे. तरीही चूर्णे आणि काढे विकले जातात, आणि गुपचूप विकले जाण्याचे कारण गिऱ्हाइकही गुपचूप येते. मध्येच औषध थांबविल्याचे परिणाम पाहण्यासाठी पाच हजारांहून अधिक रुग्णांवर एक आंतरराष्ट्रीय प्रयोग झाला होता. औषध थांबविलेल्यांत आजार आणि मृत्यू वाढल्याने तो २००६ साली आवरता घ्यावा लागला. नुसता विषाणू परत येतो असे नाही. तो येतो तेव्हा हृदय, मूत्रपिंड, यकृत यांनाही झळ पोहोचते.

येथेच सर्वांत अवघड गाठ आहे. रोग मुळासह गेला की नाही, हे ओळखण्याची खात्रीची चाचणी आज एकच: औषध थांबवून पाहणे. अशा प्रयोगाला होकार कोणी आणि कशाच्या बळावर द्यायचा? २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संशोधनासाठी माहितीपूर्वक संमती बंधनकारक केली आहे. पण दिवाळीनंतर पाथर्डी किंवा बीडकडून कोयता घेऊन निघालेला ऊसतोड मजूर चार-पाच महिने कारखान्याच्या तळावर कोपीत राहतो. एकाहून अधिक महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची सोय झाली असली, तरी त्या कोपीत लपवायच्या कुठे, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. प्रयोगासाठी निवड होईल ती दर आठवड्याला रक्त द्यायला येऊ शकणाऱ्या शहरी माणसाची, आणि मग जो उपचार निघेल तो त्याच्याच मापाचा असेल.

दक्षिण आफ्रिकेत उमलाझी येथे 'सी' उपजातीची लागण झालेल्या वीस स्त्रियांवर असा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२५ साली मांडले गेले. प्रतिपिंडे आणि प्रतिकारशक्ती चाळविणारे औषध देऊन गोळ्या थांबविल्या. वर्ष उलटले तरी चौघींना त्या पुन्हा सुरू कराव्या लागल्या नाहीत. आकडा लहान आहे. परंतु या स्त्रिया ज्या प्रकल्पातून आल्या, तेथे तरुण मुलींची तपासणी आठवड्यातून दोनदा होई, आणि त्याच दिवशी त्यांना रोजगाराचे व व्यवहाराचे शिक्षण मिळे. रक्त देणे हे त्या येण्याचे एकमेव कारण नव्हते. राहुरी-श्रीरामपूरच्या पट्ट्यात असे काही उभारायचे झाल्यास गळिताचा हंगाम हिशेबात धरावा लागेल, आणि तपासणी कोप्यांच्या तळापर्यंत न्यावी लागेल. तीही अशी, की त्याच रांगेत साखर, रक्तदाब आणि क्षय यांचीही तपासणी होत असावी, म्हणजे रांगेत उभे राहिल्याने कोण कशासाठी आला हे शेजारच्या कोपीला कळणार नाही.